गती: जाणं, कळणं आणि पोहोचणं

गती, वेग आणि चाल यांत फरक काय, असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून येतं. वस्तूची जागा बदलते आहे, ही झाली गती. ठरावीक वेळात तिने किती अंतर कापलं, ती चाल. हेच माप दिशेसकट सांगितलं की वेग, आणि वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. व्याख्या चोख आहेत, परीक्षेत याहून वेगळं लिहू नये. घोळ होतो तो वर्गाबाहेर पडल्यावर. ‘गाडीची गती जरा कमी कर’ म्हणणारा चुकतो का? रस्त्यावरचा गतिरोधक गती रोखत नाही, नुसती मंद करतो. मग त्याचं नाव बदलायचं का? प्रकाशाचा वेग सेकंदाला 2,99,792 किलोमीटर, असं सगळेच लिहितात. त्यात दिशेचा पत्ताच नसतो, म्हणजे काटेकोरपणे ती प्रकाशाची चाल. पण ‘प्रकाशाची चाल’ लिहून बघा, प्रकाश काहीतरी डाव टाकतोय असं वाटेल. उलट ‘वारे नैर्ऋत्येकडून ताशी 40 किलोमीटर वेगाने वाहतील’ या हवामानाच्या वाक्यात दिशा आलेली असते, त्यामुळे तिथे शब्द आपसूक बरोबर पडतो.

शास्त्रात हे खण हवेतच. पण तीन शब्दांना तीन खण नंतर वाटून दिलेले आहेत, शब्द त्या खणांत जन्मलेले नाहीत. आणि ‘गती’ला तर ‘किती जोरात’ यापेक्षा ‘कुठे पोहोचलं’ याचीच ओढ जास्त आहे, असं माझं मत.

मूळ धातू गम्, म्हणजे जाणे. त्यावरून गत, गमन, गती. आता या घराण्यातले रोजचे शब्द बघा. दुर्गती, सद्गती, अधोगती यांतल्या एकातही वेगाचा प्रश्न नाही. ‘पार गत झाली त्याची’ म्हणताना तो माणूस जागचा हललेलाही नसतो. ‘गत्यंतर नाही’ म्हणजे दुसरी वाट नाही. अगतिक माणूस दिवसभर धावपळ करत असेल, पण जाऊन पोहोचावं असं ठिकाण त्याला उरलेलं नसतं. धनाच्या तीन गती सांगणारं जुनं सुभाषित आहे: दान, भोग आणि नाश. तिथेही पैसा किती भरभर फिरतो याच्याशी देणंघेणं नाही, तो शेवटी जातो कुठे ते सांगायचंय. जैन विचारात जीवाच्या चार गती मानतात: देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक. यातला तिर्यंच म्हणजे पशुपक्षी वगैरे, आडवे चालणारे. माणसाचा कणा उभा आणि जनावराचा आडवा, एवढ्या निरीक्षणावर अख्खा वर्ग उभा आहे. शिवाय जैनांनी गतीला मदत करणारं एक द्रव्य मानलं, त्याचं नाव धर्म, आणि थांबायला मदत करणारं दुसरं, ते अधर्म. पुण्य-पापाशी या दोन नावांचा इथे संबंध नाही. नव्याने वाचणारा हमखास अडखळतो ती जागा ही.

दुसरा अर्थ कळण्याचा. ‘तिला गणितात चांगली गती आहे’ या वाक्याचा ‘ती गणितं भराभर सोडवते’ असा अर्थ लावणारे भेटतात, पण तो अर्थ ओढूनताणून आणलेला आहे. मुलगी सावकाश सोडवत असेल, तरी तिला गती असू शकते. संस्कृत वैयाकरणांचा जुना संकेतच आहे की जे धातू जाण्याचा अर्थ सांगतात ते कळण्याचाही सांगतात. ‘अवगत’ हा शब्द त्यातूनच आला. ‘मला त्यात गती नाही’ म्हणजे माझी बुद्धी तिथवर जात नाही. ‘गतिमंद’ हा शब्दही इथलाच. मराठीत जाणे आणि जाणणे शेजारी दिसतात म्हणून त्यांचं नातं जुळवायचा मोह होतो, तो मात्र आवरावा. एक ‘या’ धातूवरून आलेला, दुसरा ‘ज्ञा’वरून.

पाणिनीच्या व्याकरणात तर ‘गती’ ही पारिभाषिक संज्ञा आहे आणि तिच्यात धातूला चिकटणारे उपसर्गही येतात. गम्‌ला ‘आ’ लावा, येणं झालं. ‘निर्’ लावा, बाहेर पडणं. ‘उद्’ने उद्गम, ‘सम्’ने संगम, ‘दुर्’ने दुर्गम. धातू तोच, वाट बदलते. नाव कुणी ठेवलं असेल त्याला दाद द्यावी.

याच धातूतला ‘ग’ शेपटासारखा लावून जुन्या लोकांनी प्राण्यांची नावं पाडली. गतीचे प्रकार शिकवायचेत ना, मग मला हा साठा पाठ्यपुस्तकापेक्षा रंगतदार वाटतो. आकाशात जातो तो खग. त्वरेने जातो तो तुरग. उड्या मारत जातो तो प्लवग, म्हणजे माकड. साप तर एकटा किती नावं खातो! छातीने जातो म्हणून उरग, वाकडातिकडा जातो म्हणून भुजग, पायांनी जात नाही म्हणून पन्नग, आणि सरपटतो म्हणून सर्प (हा धातू वेगळा, सृप्). जो जातच नाही तो नग, म्हणजे पर्वत. जंगम म्हणजे हलणारं, स्थावर म्हणजे एका जागी असलेलं. मालमत्तेच्या कागदांत ही जोडी अजून ठणठणीत आहे.

पृथ्वीला मात्र दोन्हीकडची नावं मिळाली. ती अचला, न हलणारी. आणि तीच जगती, जाणारी. अचला म्हणवणारी ही बाई सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटरने निघालेली असते. आर्यभटाने इ.स. 499च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं, तेव्हा त्याने नावेतल्या माणसाचा दाखला दिला: पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याचे शब्द अनुलोम, म्हणजे पुढच्या दिशेने, आणि विलोम, म्हणजे उलट दिशेने. आज आपण ‘सापेक्ष गती’ म्हणतो. ग्रहांचं वक्री होणं हे असंच. मंगळ वक्री झाला म्हणजे तो उलटा फिरला असं नसतं, आतल्या कक्षेतून पृथ्वी त्याला मागे टाकते म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात ग्रहांच्या गतीचे आठ प्रकार दिलेत, त्यात वक्र, कुटिल, मंद, मंदतर, सम, शीघ्र असे भेद आहेत. इथे गती म्हणजे रोजची सरक, कला-विकलांत मोजलेली (अंशाचा साठावा भाग ती कला, कलेचा साठावा भाग ती विकला). सूर्याची मध्यम दिनगती 59 कला 8 विकला. म्हणजे ‘गती’ या शब्दाने माप सांगणं ही काही आजची ढिलाई नाही, ज्योतिषाच्या गणितात ते जुनंच आहे. ‘गाडीची गती’ म्हणणाऱ्याला हा आधार पुरेसा आहे.

आता वेग. हा विज् धातूचा, थरथरणं, हादरणं, बिचकणं अशा अर्थाचा. उद्वेग, आवेग ही त्याची भावंडं. आयुर्वेदात तेरा वेग दाबून धरू नयेत असं सांगितलंय. शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप हे त्यातलेच. इथे वेग म्हणजे आतून येणारी ढुसणी. वैशेषिक दर्शन या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेतही वेग हा गतीहून वेगळाच ठेवला आहे. त्या शाखेचा प्रवर्तक कणाद, त्याच्या परंपरेत गती म्हणजे कर्म, आणि त्याचे पाच प्रकार: उत्क्षेपण म्हणजे वर फेकणं, अवक्षेपण म्हणजे खाली टाकणं, आकुंचन, प्रसारण आणि उरलेलं सगळं गमन. गरगर फिरणं, पाझरणं, ज्योतीचं वर जाणं, तिरकं जाणं, हे सगळं त्यांनी त्या पाचव्या पोत्यात टाकलं. वेग मात्र संस्कारांत, म्हणजे पहिल्या धक्क्याने वस्तूत रुजलेला गुण. बाण सुटला, दोरीचा धक्का संपला, तरी तो पुढे जात राहतो तो या वेगामुळे. खाली पडण्याचं कारण गुरुत्व आणि वाहण्याचं कारण द्रवत्व, असेही ते वेगळे सांगतात. आजच्या भौतिकशास्त्राशी याची ओढूनताणून सोयरीक जोडायला मी जाणार नाही, वैशेषिकांचा वेग आणि भौतिकशास्त्रातला वेग एक नाहीत. पण जातं ते आणि जायला लावतं ते वेगळं नोंदवायची नजर तेव्हाही होती. म्हणून ‘वेगवान’ आणि ‘गतिमान’ हे मला समानार्थी वाटत नाहीत. वेगवान म्हणजे जोरात जाणारा. गतिमान म्हणजे नुसता थांबलेला नसलेला, गोगलगायही गतिमान असते. जाहिरातीत ‘गतिमान कारभार’ वाचताना हे आठवलं की गंमत येते.

चाल हा शब्द मराठीने सगळ्यांत जास्त राबवला. माणसाची चाल, बुद्धिबळात घोड्याची अडीच घरांची चाल, शत्रूवर चाल करून जाणं, घराण्याच्या चालीरीती, कामाची चालढकल. आणि गाण्याची चाल! शब्दांना चाल लावली की ते चालायला लागतात, हा आपल्याकडचा खास वापर. वाद्यसंगीतातली ‘गत’ही गतीच्याच घरची, मसीतखानी गत विलंबित म्हणजे संथ, रजाखानी द्रुत म्हणजे जलद. घोड्याच्या चालींची तर संस्कृत कोशांत पाच नावं आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. मराठीत दुडकी आणि भरधाव एवढ्यावर आपलं भागतं.

गतीचे शालेय प्रकार म्हणजे एकरेषीय, वर्तुळाकार, आंदोलित, नियतकालिक आणि यादृच्छिक. ही भाषांतरित विशेषणं गरजेची आहेत, पण मराठी माणूस गतीचा प्रकार विशेषणाने सांगतच नाही, तो क्रियापदच बदलतो. यादृच्छिक गतीसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, सैरावैरा. रॉबर्ट ब्राउनने 1827 साली परागातले सूक्ष्म कण पाण्यात भिंगाखाली पाहिले, ते सैरावैराच धावत होते. आइन्स्टाइनने 1905 साली त्याचं कारण रेणूंच्या धडकांत दाखवून दिलं. आंदोलित गतीला झोका, हेलकावा. ‘आंदोलन’ स्वतः मात्र विज्ञानाच्या वर्गातून निघून रस्त्यावर गेलं, आणि ‘चळवळ’ त्याच्याआधीच तिथे होती. एका जागी स्वस्थ न बसणारं चळवळं मूल आणि समाजाची चळवळ, दोन्हीकडे शब्द तोच.

फिरण्याचं बघा. परिवलन आणि परिभ्रमण यांत मुलांचा कायम घोटाळा होतो. स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. बोलीत मात्र कुणी घोटाळत नाही. नाचणारी गिरकी घेते, घार घिरट्या घालते. गिरकी स्वतःभोवती, घिरटी दुसऱ्या कशाभोवती. मी शिक्षक असतो तर याच दोन शब्दांवरून सुरुवात केली असती. ‘पृथ्वी सूर्याला प्रदक्षिणा घालते’ हे वाक्य तर सगळ्यांच्या तोंडी आहे. पण प्रदक्षिणेत मधली वस्तू उजव्या हाताला राहावी लागते. पृथ्वीचा उत्तर ध्रुव वर धरला तर सूर्य तिच्या डाव्या हाताला राहतो. म्हणजे ही प्रदक्षिणा अखंड उलटीच चालली आहे. वाक्य बदला असं मी म्हणत नाही.

उतारावरच्या हालचालीत मराठी आणखी बारीक होते. पृष्ठभागाला टेकूनच, स्वतः न फिरता खाली आलं तर घसरलं. गोल फिरत, पण आवाज न करता, हळूच निघून गेलं तर घरंगळलं, मणी घरंगळतो. गोल फिरत, आदळत, आवाज करत आला तो दगड गडगडला. हातातून सुटला तो निसटला, आणि जमिनीचा आधारच सुटून सगळंच खाली आलं तर कोसळलं. घसरणं आणि लोळणं यांतलं घर्षण वेगळं असतं हे भौतिकशास्त्र नंतर शिकवतं, क्रियापदांनी ती फोड आधीच केलेली असते.

शुद्धलेखनाचं एकच. सुटा शब्द गती, दीर्घ. समासात आधी आला की ऱ्हस्व: गतिमान, गतिरोधक, गतिज ऊर्जा, प्रगतिपथ. शेवटी आला की पुन्हा दीर्घ: द्रुतगती, अधोगती. ‘गतीमान’ असं सर्रास दिसतं, ते चूक.

जाता जाता बाजाराच्या बातम्या बघा. भाव थोडे उतरले तर घसरले, बरेच उतरले तर गडगडले, हाहाकार झाला तर कोसळले. उतारावरची ती शिडी मथळे लिहिणाऱ्यांनी जशीच्या तशी उचलली आहे. घरंगळणं तेवढं कुणी घेतलं नाही, भाव आवाज न करता कधी उतरत नसावेत. वर जाताना मात्र ही शिस्त मोडते. चढले आणि उसळले इथवर गती आहे, ‘वधारले’त नुसती वाढ, ‘कडाडले’त वीज आणि ‘भडकले’त आग. वरच्या दिशेला अशी पायरी-पायरीची क्रियापदं कुणाला आठवत असतील तर जरूर भर घालावी.