इंदूरच्या कॉलेजांनी मोबाइल-संशोधनासाठी सामायिक टेस्टबेड (प्रयोग करून बघायची सोय) उभारावा का?

रामबागकर:
आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मोबाइलचे प्रोजेक्ट ढीगभर होतात, पण तपासणी होते स्वतःच्या आणि दोन मित्रांच्या फोनवर. तेवढ्यावर निष्कर्ष काढणं मला पटत नाही. अमेरिकेत बफेलो विद्यापीठाने ‘फोनलॅब’साठी शेकडो विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना अँड्रॉइड फोन दिले. लोकांनी ते रोज वापरले आणि त्यांच्या संमतीने संशोधकांचे प्रयोग त्यांवर चालले. सिमरोलचं आयआयटी, जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेज आणि देवी अहिल्या विद्यापीठ (डीएव्हीव्ही) यांनी मिळून असं काही उभारावं.

सुदामानगरवाले काका:
माझा विरोध आहे. प्लॅनेटलॅब या नेटवर्क-संशोधनाच्या सामायिक जाळ्याला जगभरच्या विद्यापीठांनी सर्व्हर दिले, २००२ मध्ये थाटात सुरू झालं, २०२० मध्ये बंद पडलं. फोन तर त्याहून लवकर जुने होतात. अनुदान संपलं की सगळं कपाटात. मुलांना संगणकावर फोनची नक्कल करणारा एम्युलेटर पुरे, तोही फुकट.

रामबागकर:
काका, अठरा वर्षं संशोधकांच्या उपयोगी पडलं, त्याला मी वाया गेलं म्हणणार नाही. आणि एम्युलेटरचा फोन खिशात तापत नाही. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावरून एक फोटो पाठवून बघा. हजारो फोन त्याच टॉवरांवर भार टाकतात, फोटो अडकतो, फोन पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि बॅटरी उतरते. ही गर्दी, हे जुने-नवे हँडसेट टेबलावर कुठून आणायचे?

सिमरोलकर:
सरकारचा ५जी टेस्टबेड आहे ना? २०२२ चा, २२० कोटींचा.

रामबागकर:
तो आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आठ संस्थांनी केला, उत्तम काम आहे. पण तिथे मुख्यतः नेटवर्कची उपकरणं आणि तंत्र तपासतात. माणसं फोन कसा वापरतात, हा प्रश्न वेगळा.

टेस्टिंगवाली:
मी याच क्षेत्रात नोकरी करते आणि मला काळजी वाटते ती संमतीची. नाव काढून टाकलं तरी फोन रात्री कुठे असतो आणि दिवसा कुठे, एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मुक्त असावी म्हणतो. गुण ज्यांच्या हातात, त्याच सरांनी फोन पुढे केला तर कोणता विद्यार्थी नाही म्हणेल?

रामबागकर:
ताई, हे अगदी मान्य. प्रयोग करणाऱ्या प्राध्यापकाचे विद्यार्थी घ्यायचेच नाहीत, आणि कधीही बाहेर पडता यावं, तेही फोन परत न करता.

टेस्टिंगवाली:
आणि कच्चा डेटा कॉलेजबाहेरच्या समितीच्या ताब्यात. त्याशिवाय माझा पाठिंबा नाही.

सुदामानगरवाले काका:
समिती झाली, नियम झाले. बिघडलेला फोन बदलणारा आणि अपडेट बघणारा पूर्णवेळ माणूस कोण, त्याचा पगार कोणत्या कॉलेजच्या खात्यातून? ते प्रस्तावात लिहा. तोवर माझं मत विरोधातच.