मदत हवी आहे : पवित्रीकरणाचा विषय तरुणांसमोर कसा मांडावा?

आमच्या मंडळीतील तरुणांच्या बायबल अभ्यासवर्गात सध्या पवित्रीकरणाचा, म्हणजे विश्वासणाऱ्याचे जीवन पापापासून शुद्ध होत जाण्याचा, विषय सुरू असून, एका प्रश्नावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. प्रेषित पौल करिंथ शहरातील मंडळीला पहिल्या पत्रात (६:११) ‘तुम्ही धुतलेले आहात’ असे जे झाले ते सांगतो आणि दुसऱ्या पत्रात (७:१) त्याच लोकांना देह व आत्मा यांच्या सर्व अशुद्धतेपासून स्वतःला शुद्ध करण्यास सांगतो. मग बाप्तिस्मा व पश्चात्तापानंतरही राग, मत्सर आणि कटुता टिकून राहिली, तर मुळातला विश्वासच खोटा होता काय, असे मुले विचारतात. आणि प्रश्न रास्तच आहे.

२ पेत्र १:५-७ मध्ये विश्वासात सात्त्विकतेची, ज्ञानाची, इंद्रियदमनाची आणि शेवटी प्रीतीची भर घालण्यास सांगितले आहे. यावरून वाढ हळूहळू होते हे पटवता येते, परंतु ‘हळूहळू’ ही पळवाट ठरू नये, असे मला वाटते. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी क्रमिक वाढीबरोबरच या जीवनातच पूर्ण प्रीती (देवावर व माणसांवर निर्भेळ प्रेम) लाभू शकते असे शिकवले, तर प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान व पापी असतो यावर भर दिला. या दोन भूमिका नवख्यांसमोर एकत्र मांडाव्यात की वेगवेगळ्या?

दुसरे असे की, जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतील रोजचे आत्मपरीक्षण, ज्याची सुरुवात आभारप्रार्थनेने होते, ते प्रॉटेस्टंट वर्गात कोणी करून पाहिले आहे काय? त्यातून संवेदनशील मुलांमध्ये केवळ अपराधीपणा वाढू नये म्हणून आपण कोणती काळजी घेतली?