प्रतिमेवरच्या क्लिअरिंगने चेकची फसवणूक खरोखर थांबली आहे का?

विश्रामबागकर (सांगली):
‘कृष्णाकाठ’ यांनी काल लिहिले की, चेकची प्रतिमा क्लिअरिंगला जाऊ लागल्यापासून बनावट चेकला वावच उरलेला नाही आणि आता जो फसतो तो स्वतःच्या निष्काळजीपणाने फसतो. हे मला अजिबात मान्य नाही. सीटीएसमध्ये, म्हणजे कागदाऐवजी चेकची प्रतिमा पाठवून तो वटवण्याच्या व्यवस्थेत, कागद चेक भरलेल्या बँकेतच राहतो आणि पैसे देणाऱ्या बँकेला फक्त प्रतिमा दिसतात: पुढच्या बाजूच्या दोन, मागच्या बाजूची एक. रसायनाने नाव धुऊन काढले, तर अतिनील दिव्याखाली उठणारा डाग त्या करड्या प्रतिमेत उमटत नाही. आमच्या हळदीच्या पेढीचा चेक असाच धुतला गेला. सही खरी, क्रमांक खरा, बदलले ते नाव आणि रक्कम. मूळ चेक हाती आला तेव्हा अक्षरी रकमेच्या ओळीवर कागद बोटाला खरखरीत लागत होता. पडद्यावर बोट फिरवून हे कोणाला कळणार?

कृष्णाकाठ (कराड):
कागद दिव्याखाली धरण्याची जबाबदारी चेक भरून घेणाऱ्या बँकेची आहे. तिने ती पाळली नाही, यात प्रतिमेचा काय दोष? शिवाय 1 जानेवारी 2021 पासून पॉझिटिव्ह पे ही सोय उपलब्ध आहे. 50,000 रुपयांपासून पुढच्या चेकचा क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम आपल्या बँकेला आधी कळवली, की तफावत जुळणीतच उघडी पडते. तुमच्या पेढीने ती कळवली होती का, एवढेच सांगा.

माणदेशी (म्हसवड):
मोठ्या पेढ्यांचे राहू द्या. माझ्या वडिलांनी औषधाच्या दुकानदाराला दिलेला चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून परत आला आणि वर दंडही कापला गेला. हात थरथरतो, आणि पडद्यावर शेजारी ठेवलेली नमुना सही त्यांच्या नोकरीच्या काळातली आहे. चोराची धुतलेली रक्कम पास होते आणि म्हाताऱ्या माणसाची खरी सही नापास होते, याचे उत्तर कोण देणार?

निवृत्त शाखाधिकारी (सातारा):
आपला संताप समजतो; पण सही जुळत नसताना पैसे देणारा कर्मचारी स्वतः अडकतो. 4 ऑक्टोबर 2025 पासून क्लिअरिंग दिवसभर अखंड चालते, त्यामुळे निर्णयही त्याच दिवशी द्यावा लागतो. वडिलांची नवी नमुना सही नोंदवून घ्यावी.

माणदेशी:
त्यासाठी ‘खातेदाराला समक्ष आणा’ असे सांगतात, आणि शाखा पहिल्या मजल्यावर आहे. घरी येऊन सही घ्या, असा लेखी अर्ज दिला, त्याची पोचसुद्धा मिळाली नाही. कर्मचारी अडकतो म्हणता, मग आम्ही काय मोकळे आहोत?

निवृत्त शाखाधिकारी:
अर्जाची पोच न देणे चूकच आहे, हे मान्य करावे लागेल. मूळ प्रश्नाबाबत मात्र कायदा पाहा: फेरफार डोळ्यांना दिसत नसेल आणि पैसे रीतसर दिले असतील, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याचे, कलम 89 बँकेला संरक्षण देते.

विश्रामबागकर:
माझी तक्रार नेमकी हीच आहे! ज्या व्यवस्थेत फेरफार दिसूच शकत नाही, तीच ‘दिसला नाही’ म्हणून सुटणार असेल, तर तोटा खातेदाराच्याच गळ्यात पडतो. आमचा चेक पॉझिटिव्ह पेमध्ये कळवलेला नव्हता, हे खरे. पण ती नोंदणी खातेदाराच्या मर्जीवर सोडलेली आहे आणि शाखेने आम्हाला त्याबद्दल कधी अवाक्षरही सांगितले नव्हते.

कृष्णाकाठ:
‘निष्काळजीपणा’ हा शब्द मी मागे घेतो, बाकीचे म्हणणे नाही. नोंदवलेला नसेल तो चेक सीटीएसच्या तक्रार निवारणात घेतलाच जात नाही, तेव्हा पेढीचा पुढचा प्रत्येक चेक आधी कळवा आणि मगच द्या.

माणदेशी:
आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनी कळवायचे ते पुन्हा त्याच पहिल्या मजल्यावर जाऊन.