दहावीच्या आवर्तसारणीसाठी साहित्य आणि पद्धत सुचवा

नमस्कार. आम्ही गुहागरजवळ राहतो. माझी मुलगी यंदा दहावीत गेली असून पहिली वीस मूलद्रव्ये ती अणुअंकांसह घडाघडा म्हणते. परंतु सोडिअमचा अणू एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळा का होतो आणि क्लोरीनचा अणू तो का घेतो, असे विचारले की गप्प बसते. जवळपास शिकवणी नाही आणि पावसात इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून घरच्या घरी करता येईल असे काही सुचवावे.

प्रतिसाद १

दहावीचा ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा पाठ घेण्याआधी आठवीचा ‘अणूचे अंतरंग’ पुन्हा वाचून घ्यावा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तके मोफत आहेत. रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवावीत.

प्रतिसाद २

मालवणात बरीच वर्षे विज्ञान शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, सारणी पाठ करण्याआधी मुलांनी ती हाताने मांडावी. पडवीत खडूने केंद्रकाभोवती चार वर्तुळे काढा आणि चिंचोके हे इलेक्ट्रॉन समजून आतून बाहेर भरायला सांगा: पहिल्या कवचात 2, दुसऱ्यात 8. सोडिअमचे 11 चिंचोके मांडले की अकरावा तिसऱ्या वर्तुळावर एकटाच उरतो, क्लोरीनचे 17 मांडले की शेवटच्या वर्तुळात आठाला एक कमी पडतो, आणि मग मिठागरातले मीठ कसे जुळते हे वेगळे सांगावे लागत नाही. कवचे मोजली की आवर्त म्हणजे सारणीतली आडवी ओळ कळते. बाहेरच्या कवचातले चिंचोके मोजले की गण म्हणजे उभा रकाना कळतो, फक्त ते तीन किंवा अधिक असतील तर त्यात 10 मिळवावे लागतात. म्हणूनच क्लोरीन सतराव्या गणात आहे.

पोटॅशिअमपाशी मुले हमखास अडतात, कारण तिसऱ्या कवचाची क्षमता 18 असूनही एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो. याचे कारण उपकवचांत आहे आणि ते पुढच्या इयत्तांत येते. तूर्त 2, 8, 8, 1 एवढे पुरे.

त्यानंतर वीस पुठ्ठ्यांची कार्डे करून एक लपवावे आणि शेजाऱ्यांवरून त्याचे गुण सांगायला लावावेत. 1869 मध्ये सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांनी रिकाम्या जागांसाठी हेच केले होते. सिलिकॉनखालच्या जागेसाठी त्यांनी सुमारे 72 अणुवस्तुमान वर्तवले आणि 1886 मध्ये सापडलेल्या जर्मेनिअमचे ते सुमारे 72.6 निघाले.

प्रतिसाद ३

देवगडकडचा असल्याने सुचवतो की मुलीला विजयदुर्ग दाखवावा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणामुळे हेलिअमच्या कथेशी या किल्ल्याचे नाव जोडतात. मात्र हेलिअमचा शोध तिथेच लागला, असे सरसकट सांगू नये: ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलिअमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. पृथ्वीवर हेलिअम मिळायला 1895 साल उजाडले.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. काल वीज गेली असताना कंदिलाच्या उजेडात कॅल्शिअमपर्यंत मांडून झाले. हेलिअमवर मात्र मुलीने मलाच अडवले: बाहेर दोनच इलेक्ट्रॉन आहेत, तर त्याला बेरिलिअमच्या डोक्यावर का बसवले नाही?

प्रतिसाद २

तिला पहिल्या वर्तुळात तिसरा चिंचोका ठेवून पाहायला सांगा. दोनातच ते कवच भरते, म्हणून हेलिअम निऑनसारखा कोणाशी देवघेव करत नाही आणि अठराव्या गणात बसतो.