एकाच गिटारवर स्टँडर्ड आणि ड्रॉप सी: पिच पेडल घ्यावे की जाड तारा चढवाव्यात?

राजारामपुरी_रिदम

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका बँडमध्ये रिदम गिटार वाजवतो. आमची निम्मी गाणी स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये (सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई) आहेत आणि उरलेली ड्रॉप सीमध्ये, म्हणजे सहावी तार पांढरी तीनवरून पांढरी एकवर आणि बाकीच्या पाच तारा एकेक स्वर खाली. माझ्या गिटारला फ्लॉइड रोज पद्धतीचा, म्हणजे स्प्रिंगांनी तोललेला ब्रिज आहे. त्यात एक तार सैल केली की स्प्रिंगांचा ताण बाकीच्या तारांना वर ओढतो, त्यामुळे कार्यक्रम चालू असताना ट्युनिंग बदलणे शक्य होत नाही. दुसरी गिटार घेणे सध्या परवडणारे नाही. म्हणून वाजवलेला स्वर खाली नेणारे पिच पेडल घ्यायचा विचार आहे. डिजिटेक ड्रॉप, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स पिच फोर्क आणि व्हॅमी डीटी यांपैकी काय घ्यावे? गेन (आवाज फाटका करणारी वाढ) भरपूर असतो आणि पाम म्यूटचे, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवण्याचे काम जास्त असते. अशा पेडलमुळे आवाज उशिरा येतो असे ऐकले आहे, ते कितपत खरे आहे?

मंगळवारपेठ_स्ट्रिंग्ज

पेडल ठरवण्याआधी एक बाब लक्षात घ्यावी. ही पेडल्स सहाही तारांचा स्वर सारख्याच अंतराने खाली नेतात, एकट्या सहाव्या तारेला वेगळे काढत नाहीत. म्हणून स्टँडर्डमधून थेट ड्रॉप सी मिळणार नाही. गिटार कायम ड्रॉप डीमध्ये (फक्त सहावी तार ईवरून डीवर) लावून ठेवावी आणि ड्रॉप सीच्या गाण्यांना पेडलवर दोन सेमीटोन, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली यावे. स्टँडर्डच्या गाण्यांत सहाव्या तारेवरचे स्वर दोन फ्रेट पुढे सरकतील, तेवढी बोटांची सवय बदलावी लागेल. फ्लॉइड रोजला बसणारा डी-ट्यूना नावाचा छोटा भागही मिळतो, पण ब्रिज तरंगता नसून फक्त खाली दबणारा असेल तरच तो नीट काम करतो.

आपल्या गरजेला डिजिटेक ड्रॉप सर्वांत सरळ बसते. त्याच्या एकाच नॉबवर १ ते ७ सेमीटोन, नंतर ऑक्टेव्ह (पूर्ण सप्तक), आणि शेवटी ऑक्टेव्हसोबत मूळ आवाज एवढेच पर्याय आहेत, त्यामुळे अंधाऱ्या स्टेजवर गोंधळ होत नाही. पिच फोर्क वर-खाली तीन ऑक्टेव्हपर्यंत जाते आणि त्याला एक्स्प्रेशन पेडल (पायाने स्वर वर-खाली करण्याची पट्टी) जोडता येते, परंतु मूळ आणि बदललेला आवाज मिसळणाऱ्या ब्लेंडच्या नॉबमध्ये मूळ आवाजाचा थोडासा अंश राहिला तरी दोन स्वर एकत्र वाजतात. व्हॅमी डीटीमध्ये ड्रॉप ट्युनिंगचा भाग स्वतंत्र असून शेजारी पायाने दाबायची पट्टी असते. ती आपल्या गाण्यांत लागणार नसेल, तर बोर्डवरची एवढी जागा अडवू नये.

उशिराबद्दल आपण ऐकले ते खरे आहे, आणि तो एखाद्या कंपनीचा दोष नव्हे. सहाव्या तारेचा ई सुमारे ८२.४ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याची एक लहर पुरी व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. पेडल आवाजाचे बारीक तुकडे साठवते, ते मूळ गतीपेक्षा सावकाश वाचते, आणि मागे पडू नये म्हणून मध्येच पुढे उडी मारून नवा तुकडा आधीच्याला सांधते. एकच तार वाजत असेल तर सांधा जुळवणे सोपे जाते, पण पूर्ण कॉर्डमध्ये एका तारेची लहर जुळते तिथे दुसरीची जुळत नाही आणि कानाला थरथर जाणवते. जितके खाली जाल तितक्या या उड्या वाढतात. माझ्या मते दोन-तीन सेमीटोनपर्यंत भरपूर गेनमध्ये हे खटकत नाही, मात्र पाचच्या पुढे पाम म्यूटचा टोला बोथट होतो. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत सुमारे ३.४ मीटर जातो, म्हणजे अँपपासून चार पावले दूर उभे राहिल्यावरही तेवढा उशीर होतच असतो.

रंकाळा_बॅरिटोन

पेडलला माझा विरोध नाही, पण तारांचा विचार आधी व्हायला हवा. लांबी आणि जाडी तीच ठेवली तर तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दोन सेमीटोन खाली गेल्यास तो सुमारे २१ टक्के कमी होतो आणि चार सेमीटोन खाली गेल्यास ३७ टक्के. १०-४६ च्या (पहिली तार १० आणि सहावी ४६ हजारांश इंच जाड) संचाइतकाच ताण ड्रॉप सीमध्ये हवा असेल, तर पहिली तार ११ च्या आसपास आणि सहावी ५८ च्या आसपास लागेल. अशी तार पिकला जो प्रतिकार देते तो कोणतेही पेडल देऊ शकत नाही. त्यासाठी स्प्रिंगांचा ताण, नेकचा ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणे) हे सगळे मात्र नव्याने लावून घ्यावे लागते.

आपण गायकाशी बोलला आहात का? आपल्याकडे गायकाची पट्टी विचारल्याशिवाय वादक वाद्य लावत नाहीत, आणि बँडमध्ये नेमकी हीच चौकशी राहून जाते. स्टँडर्डची गाणीही एक स्वर खाली नेऊन चालणार असतील, तर गिटार कायम ड्रॉप सीमध्येच ठेवा. मग पेडलची गरजच उरत नाही.

राजारामपुरी_रिदम

दोघांचेही आभार. आमच्या गायिकेला विचारले. ती गाणी एक स्वर खाली नेली तर अंतऱ्यात तिला सोयीचे होते, पण मुखड्यातल्या मंद्राकडच्या ओळी दबतात असे तिचे म्हणणे पडले. त्यामुळे पेडलच घ्यावे लागेल. ते साखळीत कुठे जोडावे, आणि घरी हळू आवाजात सराव करताना काय काळजी घ्यावी?

शाहूपुरी_साउंड

सर्वांत आधी ट्युनर, लगेच पिच पेडल आणि मग डिस्टॉर्शन असा क्रम ठेवावा. ट्युनर नंतर जोडला तर पेडल चालू असताना तो खाली आलेला स्वर दाखवील आणि तार जुळवताना घोटाळा होईल. डिस्टॉर्शनमधून आलेल्या आवाजात अनेक उपस्वर मिसळलेले असतात, त्यातून पेडलला स्वच्छ लहर मिळत नाही आणि कॉर्ड चिखलासारखी होते. नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारे पेडल) डिस्टॉर्शननंतर चालेल. ड्रॉप बॅटरीवर चालत नाही, त्याला ९ व्होल्ट डीसीचा पुरवठा लागतो. डिजिटल पेडल साध्या पेडलपेक्षा जास्त करंट घेते, म्हणून एकाच अडॅप्टरच्या वायरीतून सगळी पेडल्स न जोडता त्याला स्वतंत्र आउटपुट द्यावे, नाहीतर गेन वाढवल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

घरी हळू वाजवताना अडचण निराळीच येते. अँपमधून पाचवी तार जी म्हणून वाजते आणि त्याच वेळी हातातली तार उघडपणे ए म्हणत असते. दोन्ही एकदम ऐकू आल्यावर स्वर बेसूर वाटतो आणि माणूस विनाकारण तारा पिळत बसतो. कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत. स्टेजवर अँपच्या आवाजात तार ऐकू येत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न उरत नाही. फीडबॅकवर लांबवायचे स्वर मात्र तिथेही जपून घ्यावेत, कारण स्पीकरमधून येणारा स्वर आणि तारेचा स्वर वेगळे असल्याने तार नेहमीसारखी गुंजत नाही.

विकत घेण्यापूर्वी ओळखीत कोणाकडे लाइन सिक्सचे हेलिक्स (अनेक इफेक्ट एकत्र असलेले उपकरण) असेल तर त्यातील पॉली कॅपो हा स्वर बदलणारा इफेक्ट दोन सेमीटोन खाली लावून वाजवून पाहा, कल्पना येईल. दुकानात स्वतःचीच गिटार न्यावी. आधी स्वच्छ आवाजात मोकळ्या तारांची एक कॉर्ड वाजवून ती विरेपर्यंत ऐकावी, म्हणजे थरथर किती आहे ते तिथेच समजेल. नंतर आपल्या नेहमीच्या गेनवर, आपल्याच यादीतील सर्वांत जलद पाम म्यूटची ओळ पेडल चालू आणि बंद ठेवून वाजवावी, आणि ती चालू असताना हात अडखळत नसेल तरच पैसे द्यावेत.