नाकातून लस, आणि तीही जिवंत जंतूंची?

भुभूवाली:
कुत्र्याला केनेल कफची (कुत्र्यांच्या साथीच्या खोकल्याची) लस द्यायला नेलं तर डॉक्टरांनी बिनसुईच्या सिरिंजने नाकपुडीत थेंब सोडले, तो फटाफट शिंकला आणि बरंचसं माझ्याच बाहीवर आलं. वर म्हणतात यात जिवंत बॅक्टेरिया आहेत पण कमजोर केलेले. शिंकल्यावर लस लागू पडते का? आणि नाकातच का? घरात आजीची केमो चालू आहे म्हणून जास्त टेन्शन.

शंकासुर:
सुई टोचायची नाही एवढाच फायदा असणार, बाकी मार्केटिंग.

लॅबमधला:
नाही हो, मुद्दा वेगळा आहे. इंजेक्शनने मुख्यतः रक्तात आयजीजी अँटिबॉडी बनतात, पण हा जंतू रक्तात जातच नाही, नाक-श्वासनलिकेच्या आतल्या केसाळ पेशींना चिकटून बसतो. तिथला पहारा आयजीएचा, म्हणजे शेंबडात मिसळलेल्या अँटिबॉडी ज्या जंतूला चिकटूच देत नाहीत, आणि त्या भरपूर हव्या असतील तर शरीराला जंतूची ओळख त्याच जागी झालेली बरी. जिवंत एवढ्यासाठी की कमजोर जंतू काही दिवस तिथे टिकतो, वाढतो, त्यामुळे थोडं शिंकून गेलं तरी सहसा भागतं. मात्र कुत्र्याला अँटिबायोटिक चालू असेल तर लसच मरते, ते डॉक्टरांना सांगायचं.

माणसांच्या डांग्या खोकल्यात हाच घोळ आहे. आताची असेल्युलर लस (अख्खा जंतू नाही, त्याचे फक्त काही अंश असलेली) आजार चांगला रोखते, पण अमेरिकेत बबून माकडांवर केलेल्या प्रयोगात (2014 चा पेपर) लस घेतलेली माकडं आजारी पडली नाहीत तरी त्यांच्या घशात जंतू आठवडेच्या आठवडे राहिला आणि दुसऱ्या माकडांना लागलासुद्धा. त्याच्या आधीच फ्रान्समध्ये लीलच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कामिय लॉक्त यांच्या टीमने बीपीझेडई१ नावाची नाकातली लस बनवली. डांग्या खोकल्याचाच जंतू, पण एका विषाचा जीन काढून टाकला, पर्टुसिस टॉक्सिन नावाच्या दुसऱ्या विषामध्ये बदल करून ते निकामी केलं आणि श्वासनलिकेच्या पेशी मारणारं तिसरं अगदी कमी केलं. 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या माणसांवरची फेज २ ट्रायल (मधल्या टप्प्याची चाचणी) आली, नाकात आयजीए बनलं, नेहमीच्या इंजेक्शनने तसं बनलं नाही.

शंकासुर:
बरं मानलं. पण स्वित्झर्लंडमध्ये 2000-01 ला नाकातली फ्लूची लस घेऊन लोकांचे चेहरे एका बाजूने लुळे पडले होते आणि ती बंद करावी लागली, त्याचं काय?

लॅबमधला:
खरं आहे, पण त्यात जिवंत जंतू नव्हता, मेलेल्या फ्लू व्हायरसच्या अंशांसोबत परिणाम वाढवायला ई. कोलाय या बॅक्टेरियाचं टॉक्सिन (विष) घातलं होतं आणि संशय त्याच्यावरच गेला. तरी नाकाच्या वर लगेच मेंदू आहे, तेव्हा इथे काय घालतो त्याची तपासणी कडक हवीच, यावर तुमच्याशी भांडण नाही.

@भुभूवाली, आजींचं मात्र हलक्यात घेऊ नका. लस दिलेला कुत्रा काही आठवडे तो कमजोर जंतू नाकातून बाहेर टाकू शकतो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, केमोवाल्याची गोष्ट वेगळी. त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, तोवर तोंड चाटणं, मांडीवर झोपणं बंद.

भुभूवाली:
विचारलं. ते म्हणाले सध्या त्याला आजीच्या खोलीत येऊ देऊ नका, बाकी घाबरण्यासारखं नाही, आणि पुढच्या वेळी इंजेक्शनवाली मिळते का ते व्हेटना विचारा. आजी दार लावून घेत नाहीये ही नवी डोकेदुखी.