चौथी नळी फिल्मवर दिसत नाही

रूट कॅनलसाठी साधा एक्स-रे असताना सीबीसीटी स्कॅनचा, म्हणजे दाताचं त्रिमितीय चित्र देणाऱ्या एक्स-रे स्कॅनचा भुर्दंड कशाला, असं बरेच जण विचारतात. नाशिकला माझा दातांचाच दवाखाना आहे, म्हणून थोडं सांगतो.

सरसकट प्रत्येक दाताला स्कॅन लागत नाहीच. कुणी सांगितला तर खुशाल कारण विचारा. पण वरची पहिली दाढ महा बेरकी. मुळं तीन, त्यांच्या आतल्या नळ्या (रूट कॅनलमध्ये साफ करून भरतात त्या) मात्र बऱ्याचदा चार. चौथी गालाकडच्या पुढच्या मुळात, नेहमीच्या नळीच्या टाळूकडच्या अंगाला दडलेली. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. एकामागे एक उभ्या असलेल्या दोन नळ्या त्यात एकच दिसतात.

द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावहून एक काका आले होते. रूट कॅनल दुसरीकडे झालेलं, वर कॅप, तरी चावताना कळ. फिल्मवर सगळं छान. स्कॅनचे आडवे काप एकेक खाली सरकवत गेलो, तर त्या मुळात भरलेला पांढरा ठिपका मधोमध नव्हता, एका कडेला होता. पलीकडे बारीक काळा ठिपका, म्हणजे न भरलेली चौथी नळी. मायक्रोस्कोपखाली जरा खरवडल्यावर दहा नंबरची फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) तिथे रुतली. काका म्हणाले, "म्हणजे बोअर इथं घेतला अन् पाणी शेजारी!"

हां, कॅप धातूची असेल तर स्कॅनमध्ये पट्टे उमटतात आणि बारीक तडा कित्येकदा दिसतच नाही. रेडिएशनही साध्या फिल्मपेक्षा जास्त, त्यामुळे पूर्ण जबड्याचा नको, तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन मागा.